सेकंड लॉ ‘फक्त शक्यतेचा’ असेल तर हवेतल्या उष्णतेवर चालणारं मशीन का बनत नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडतो. तुम्ही मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय, तिथे शिकवलं गेलं की थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम (सेकंड लॉ: उष्णता आपोआप गरमाकडून थंडाकडेच जाते, एकाच तापमानाच्या उष्णतेतून नुसतं काम काढता येत नाही, एकूण एन्ट्रॉपी कमी होत नाही) कधीच मोडत नाही. आता एका व्हिडिओत ऐकलं की हा नियम मुळात स्टॅटिस्टिकल, म्हणजे शक्यतेवर आधारलेला आहे आणि लॅबमध्ये तो मोडलेला प्रत्यक्ष दिसलाय. त्यात तुमच्या काकांना कुणीतरी एक यंत्र दाखवलंय, खोलीतल्या हवेची उष्णता खेचून वीज बनवणारं, ‘नॅनो लेव्हलला सेकंड लॉ लागू होत नाही’ असं सांगून, आणि काका पैसे घालायच्या विचारात आहेत. तर नियम खरा की खोटा, आणि बाकीचे नियमही असेच ‘शक्यतेचे’ आहेत का, असं तुम्ही विचारलंय.

पैशाचं आधी सांगून टाकतो म्हणजे जीव टांगणीला राहणार नाही: काकांना थांबवा. का, ते खाली येईलच. पण तुमचा मूळ प्रश्न त्या यंत्रापेक्षा मोठा आहे, आणि तो चुकीचा अजिबात नाही. मी वीसेक वर्षं कॉम्प्युटरवर रेणूंची सिम्युलेशन्स करतोय आणि एम.एस्सी.च्या पोरांना स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स शिकवतोय, दर वर्षी एकदोघं तरी हेच विचारतात की सर, नियम जर फक्त ‘बहुतेक वेळा’ खरा असेल तर त्याला नियम का म्हणायचं. माझं म्हणणं असं आहे की स्टॅटिस्टिक्समुळे हा नियम पातळ झाला नाही, उलट पक्का झाला. आधी तो नुसता ‘असं होत नाही’ म्हणायचा, आता तो ‘असं कितीदा होईल’ तेही सांगतो.

घरी करता येईल असा एक खेळ सांगतो, मी वर्गात दर वर्षी करतो. दहा चिंचोके घ्या, मार्करने १ ते १० नंबर टाका. दोन वाट्या घ्या, सगळे चिंचोके डावीकडच्या वाटीत ठेवा. तंबोल्याच्या पिशवीत फक्त १ ते १० चे नंबर ठेवा. आता एक नंबर काढायचा, त्या नंबरचा चिंचोका ज्या वाटीत असेल तिथून उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचा, नंबर परत पिशवीत, पिशवी हलवायची, पुढचा नंबर. बस, एवढाच नियम. पहिल्या वेळी चिंचोका उजवीकडेच जाणार, दुसरा पर्याय नाही. दुसऱ्या वेळी दहात नऊ वेळा परत उजवीकडेच. पंधरा-वीस नंबर होईपर्यंत दोन्ही वाट्यांत निम्मे-निम्मे झालेले असतात आणि मग चार-सहा, पाच-पाच, सहा-चार असं हेलकावत राहतं. बघणाऱ्याला वाटतं की काहीतरी जोर लागतोय, चिंचोक्यांना समसमान व्हायचंय. पण पिशवीला कुठे माहितीये कुठला चिंचोका कुठल्या वाटीत आहे? खेळाच्या नियमात ‘समान व्हा’ असं कुठेही लिहिलेलं नाही. फक्त पाच-पाच अशी विभागणी २५२ प्रकारे होऊ शकते आणि सगळे डावीकडे ही एकाच प्रकारे. एन्ट्रॉपी म्हणजे हेच प्रकार मोजणं, मग त्याचा लॉग घ्यायचा. लॉग का? कारण दोन वेगळ्या डब्यांचे प्रकार एकमेकांना गुणले जातात, आणि आपल्याला बेरीज होणारी राशी हवी असते, तुमच्या स्टीम टेबलमधली एन्ट्रॉपी बेरीजच होते ना.

आता खरी गंमत. हा खेळ चालू ठेवला तर सगळे चिंचोके परत डावीकडे येतील का? येतील. नक्की येतील. सरासरी १,०२४ नंबर काढल्यावर, म्हणजे तीन सेकंदाला एक नंबर धरला तर साधारण ५१ मिनिटांत. एका वर्षी आमच्या वर्गात खरंच आले होते, पस्तिसाव्या मिनिटाला, पोरांनी बाकं वाजवली. म्हणजे दहा चिंचोक्यांसाठी ‘सेकंड लॉ’ तासाला एकदा मोडतो म्हणा. वीस चिंचोके घ्या, तेच व्हायला सरासरी ३६ दिवस लागतात, रात्रंदिवस नंबर काढत बसलात तर. चाळीस घेतले तर लाखभर वर्षं. साठ घेतले तर सुमारे ११,००० कोटी वर्षं, आणि विश्वाचं वयच आहे १,३८० कोटी वर्षं. फक्त साठ चिंचोके! तुम्ही आत्ता जो एक श्वास घेतलात, साधा अर्धा लिटर, त्यात एकावर २२ शून्यं इतके रेणू आहेत.

म्हणून ‘फक्त शक्यतेचा नियम’ हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, किती चिंचोक्यांची शक्यता? सगळं त्यावर ठरतं.

चहाचं उदाहरण घेऊ, कारण त्यात आकडा काढता येतो. कपातला चहा ६० अंशाला आहे, खोली ३० अंशाला. चहातून फक्त १ ज्यूल उष्णता खोलीत गेली, म्हणजे शंभर मिलिलिटर चहा एका अंशाच्या चारशेव्या हिश्शाइतका थंड झाला, थर्मामीटरला कळणारसुद्धा नाही. एन्ट्रॉपी किती वाढली? एक भागिले ३०३ वजा एक भागिले ३३३, म्हणजे ०.०००३ ज्यूल प्रति केल्विन. चिल्लर वाटते. आता तिला बोल्ट्झमनच्या स्थिरांकाने भागा, म्हणजे रेणूंच्या पातळीवर एन्ट्रॉपी मोजायच्या मापाने, तो आहे १.३८ भागिले एकावर २३ शून्यं, तर उत्तर येतं सुमारे २ वर १९ शून्यं. ‘पुढे जाणं’ हे ‘उलट जाण्या’पेक्षा किती पट शक्य, तो आकडा म्हणजे ई, म्हणजे २.७१८, याचा तितकावा घात. तो आकडा नुसता कागदावर लिहायचा म्हटला, सेकंदाला एक अंक या वेगाने, तर लिहायलाच जवळपास ३०,००० कोटी वर्षं लागतील. अंक मोजायला नाही हं, लिहायला. एका ज्यूलसाठी. याला ‘अशक्य’ म्हणण्यात मला काहीच संकोच वाटत नाही, आणि इंजिनिअरने तर मुळीच वाटून घेऊ नये.

थोडा इतिहास सांगतो, कारण तुमची शंका दीडशे वर्षं जुनी आहे आणि फार मोठ्या माणसांना पडलेली आहे. कार्नोने १८२४ मध्ये इंजिनाची मर्यादा सांगितली तेव्हा तो उष्णतेला एक प्रकारचा द्रवच समजत होता. क्लाउसियसने १८६५ मध्ये एन्ट्रॉपी हे नाव दिलं, पण ती आतून काय आहे हे तेव्हा कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. बोल्ट्झमनने १८७२ मध्ये रेणूंच्या टकरींवरून दाखवायचा प्रयत्न केला की एन्ट्रॉपी वाढणारच. त्यावर १८७६ मध्ये त्याच्याच ज्येष्ठ सहकाऱ्याने, लोश्मिटने, हरकत घेतली: न्यूटनचे नियम तर मागेपुढे दोन्हीकडे सारखेच चालतात, मग सगळ्या रेणूंचे वेग एका क्षणी उलटे केले तर सगळं आल्या वाटेने परत जाईल आणि एन्ट्रॉपी कमी होईल, मग तुझा पुरावा कसा खरा? हरकत बिनतोड होती. तिच्यामुळेच १८७७ मध्ये बोल्ट्झमनने मान्य केलं की हा नियम शक्यतेचा आहे, आणि प्रकार मोजायची पद्धत दिली. व्हिएन्नाच्या स्मशानभूमीत त्याच्या कबरीवर जे सूत्र कोरलंय, एस बरोबर के लॉग डब्ल्यू (एस म्हणजे एन्ट्रॉपी, के म्हणजे तो स्थिरांक, डब्ल्यू म्हणजे प्रकार), ते या वादातून निघालंय. ज्यांना ‘फक्त स्टॅटिस्टिकल’ ही पळवाट वाटते त्यांनी हा वाद जरूर समजून घ्यावा, कारण बोल्ट्झमनने शक्यता सोय म्हणून आणली नाही, दुसरा मार्गच उरला नव्हता.

लोश्मिटची ही युक्ती मी स्वतः करून बघितलीये, कॉम्प्युटरवर. प्रत्यक्षात रेणूंचे वेग उलटे करता येत नाहीत पण प्रोग्रॅममध्ये एक ओळ लागते. रेणूंच्या जागी पाचशे चकत्या, डबा, सगळ्या डाव्या अर्ध्यात, मधला पडदा काढला, पसरू दिल्या, मग सगळ्या वेगांचं चिन्ह बदललं. पहिल्यांदा करताना मी स्क्रीनकडे बघतच राहिलो. पूर्ण पसरलेल्या चकत्या, ज्यांच्यात डोळ्याला कसलीही शिस्त दिसत नव्हती, हळूहळू डावीकडे गोळा व्हायला लागल्या आणि बरोब्बर मूळ जागी येऊन बसल्या. म्हणजे त्या ‘अव्यवस्थेत’ सगळी माहिती शाबूत होती. पण पुढचं बघा. मी उलटं करायच्या आधी जास्त वेळ पसरू दिल्या, तेव्हा त्या थोड्या गोळा झाल्या आणि अर्ध्या रस्त्यातूनच परत पसरल्या. कारण कॉम्प्युटर सोळाव्या अंकानंतर आकडा गोल करतो, आणि विरळ गॅसमध्ये प्रत्येक टकरीला ती चूक दहाएक पट होते, तर चकतीमागे सोळाएक टकरींत मूळ वाट पुसली गेली. ओर्बन आणि बेलेमान्स या दोघांनी १९६७ मध्येच शंभर चकत्यांवर असंच दाखवलं होतं. म्हणजे एन्ट्रॉपी कमी होणाऱ्या वाटा असतात, पण त्या इतक्या नाजूक असतात की सोळाव्या अंकातल्या धक्क्यानेही मोडतात, आणि वाढणाऱ्या वाटांना असल्या धक्क्याने काही फरक पडत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, जी बरीच पुस्तकं घाईत उरकतात. प्रकार मोजून एवढंच कळतं की आत्ता चिंचोके एका वाटीत असतील तर पुढे पसरतील. पण तेच गणित मागे लावलं तर ‘मागेही पसरलेलेच असतील’ असं उत्तर येतं, जे उघड चुकीचं आहे, कारण आपण स्वतः ते डावीकडे ठेवले होते. म्हणजे सुरुवातीला कुणीतरी किंवा कशानेतरी कमी एन्ट्रॉपीची स्थिती तयार केलेली असते, ही गोष्ट वेगळी गृहीत धरावी लागते. चहा गरम का आहे? कारण गॅस जाळला. गॅस कुठून आला? कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवांपासून, त्यांना ऊर्जा सूर्याची. असं मागे मागे जात अगदी विश्वाच्या सुरुवातीपाशी पोचतो. हा भाग सेकंड लॉमधून येत नाही, तो त्याला जोडावा लागतो.

आता ‘लॅबमध्ये मोडला’ याकडे येऊ. व्हिडिओत बहुधा २००२ चा ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराचा प्रयोग असेल. पाण्यात काही मायक्रॉनचा एक लॅटेक्सचा मणी, लेझरच्या चिमट्यात पकडलेला, आणि तो चिमटा हळूच एका दिशेने सरकवायचा. मण्याला पाण्याचा अडथळा होतो, म्हणजे तुमचं काम उष्णता होऊन पाण्यात जायला हवं. बहुतेक वेळा तसंच होतं. पण कधीकधी पाण्याचे रेणू मागून असे धक्के देतात की मणी चिमट्याच्या पुढेच पळतो, म्हणजे पाण्याने उष्णता दिली आणि मण्याने काम केलं. असे तुकडे सेकंदाच्या हिशोबात दिसले. खोटं काही नाही त्यात. पण ते लोक नियम मोडायला बसले नव्हते, ते एक समीकरण तपासत होते, ज्याची सुरुवात १९९३ च्या सुमारास इव्हान्स, कोहेन आणि मॉरिस यांच्या कामातून झाली. ते सांगतं की एन्ट्रॉपी अमुक इतकी वाढायची शक्यता, तितकीच कमी व्हायच्या शक्यतेच्या किती पट. उत्तर तेच, ई चा तितकावा घात, एन्ट्रॉपी बोल्ट्झमनच्या स्थिरांकात मोजून. २ असेल तर सात पट, म्हणजे उलटी घटना सहज दिसेल. १० असेल तर २२ हजार पट. ५० असेल तर पाचावर २१ शून्यं, विसरा. आणि चहाचे ते २ वर १९ शून्यं याच समीकरणात बसतात. मण्याला एक नियम आणि कपाला दुसरा असं नाहीये, एकच नियम आहे, आकडा वेगळा.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून थोडं अजून. १९९७ मध्ये यार्झिन्स्कीने दाखवलं की तुम्ही एखादी छोटी गोष्ट, समजा एखादा घडी झालेला रेणू, कितीही घाईत ओढलात, आणि प्रत्येक वेळी लागलेलं काम एका ठराविक पद्धतीने सरासरीत घेतलंत, तर बरोबर तेवढंच उत्तर येतं जे अगदी सावकाश ओढल्यावर आलं असतं. ‘कमी नाही’ किंवा ‘जास्त नाही’ असं मोघम काही नाही, बरोबर. आणि जुना सेकंड लॉ, म्हणजे सरासरी काम फ्री एनर्जीतल्या फरकापेक्षा (अगदी सावकाश ओढल्यावर जेवढं काम लागतं त्यापेक्षा) कमी असणार नाही, हा त्या बरोबरच्या चिन्हातून दोन ओळींत निघतो. आमच्याकडे एका विद्यार्थिनीने असेच दोनशे रन केले होते, एक रेणू पाण्यात ओढत. उत्तर काही केल्या जुळेना. दोन आठवडे प्रोग्रॅम तपासला. शेवटी विचारलं की सगळे रन घेतलेस का, तर म्हणाली, सर, सात-आठ रनमध्ये काम फ्री एनर्जीपेक्षाही कमी येत होतं, ते सेकंड लॉच्या विरुद्ध म्हणून बग समजून काढून टाकले. ते परत घातले आणि उत्तर जागेवर आलं. बरोबर उत्तर त्या सात-आठ ‘नियम मोडणाऱ्या’ रनमध्येच होतं, ते नसतील तर समीकरण पुरं होत नाही. तेव्हापासून मी ‘मोडला’ हा शब्दच वापरत नाही. ते अपवाद नियमाच्या हिशोबातले आहेत.

मग तुमचा पुढचा प्रश्न, जो काकांच्या यंत्राचा गाभा आहे: हे छोटे छोटे उलटे धक्के साठवता नाही का येणार? एकतर्फी दार लावायचं, रेणूने ढकललं तर उघडेल, परत यायला बंद. कल्पना सुंदर आहे आणि स्मोलुचोव्स्कीने १९१२ मध्येच तिचं काय होतं ते सांगितलं. दार इतकं हलकं हवं की एका रेणूच्या धक्क्याने उघडेल. पण असं दार स्वतःही त्याच तापमानाला असतं, तेही त्याच धक्क्यांनी थडथडत राहतं, आणि जेवढ्या वेळा कामाचं उघडतं तेवढ्याच वेळा नको तेव्हाही उघडं सापडतं. दाराची स्प्रिंग कडक केली तर रेणूला उघडत नाही. दार थंड ठेवलं तर? तर चालेल! पण मग तुमच्याकडे दोन तापमानं झाली आणि ते साधं हीट इंजिन झालं. इलेक्ट्रॉनिक्सवाले म्हणतात डायोड लावू, वायरमधल्या थरथरीला एका दिशेने वळवू. तिथेही हेच, एकाच तापमानाला डायोड स्वतःच तितकाच थरथरतो.

आणि दारावर हुशार पहारेकरी बसवला तर, जो बघून बघून उघडेल? हा मॅक्सवेलचा राक्षस, १८६७ मधल्या एका पत्रातला. याचं उत्तर सापडायला शंभरहून जास्त वर्षं गेली. झिलार्डने १९२९ मध्ये दाखवलं की पहारेकऱ्याला मिळालेल्या एकेका माहितीची किंमत ठरवता येते, लांडावरने १९६१ मध्ये सांगितलं की एक बिट, म्हणजे ‘हो की नाही’ एवढी माहिती, पुसायला कमीत कमी एवढी उष्णता बाहेर टाकावीच लागते, आणि बेनेटने १९८२ मध्ये जोडून दाखवलं की राक्षसाची वही कधीतरी भरते, ती पुसावी लागते, आणि तिथे सगळी कमाई परत जाते. ती किंमत खोलीच्या तापमानाला साधारण ३ भागिले एकावर २१ शून्यं इतके ज्यूल आहे, आणि २०१२ मध्ये फ्रान्समधल्या लिऑनच्या प्रयोगात एका मण्यावर ती मोजलीसुद्धा गेली. माझ्या मते गेल्या शंभर वर्षांतलं हे सगळ्यात देखणं काम आहे, माहितीला वजन नसतं पण तिला भाडं पडतं हे प्रत्यक्ष मोजून दाखवणं.

बाकीच्या नियमांचं पटकन सांगतो. पहिला नियम, ऊर्जा अक्षय्य, हा शक्यतेचा नाही, प्रत्येक टकरीत तो तंतोतंत पाळला जातो. शक्यता येते ती ऊर्जेतली कुठली ‘उष्णता’ आणि कुठली ‘काम’ हे ठरवताना. शून्यावा नियम, म्हणजे समान तापमान, हा पूर्ण मोजणीचाच आहे: दोन वस्तू चिकटवल्या, ऊर्जा इकडून तिकडे गेल्याने एकूण प्रकार वाढायचे थांबले की तापमान समान झालं. तिसऱ्यात मला बर्फाचं उदाहरण आवडतं. तिसरा नियम म्हणतो की अगदी निरपेक्ष शून्यापाशी परफेक्ट स्फटिकाची एन्ट्रॉपी शून्य, कारण रचनेचा प्रकार एकच उरतो. पण बर्फात प्रत्येक ऑक्सिजनभोवती चार हायड्रोजन, दोन जवळ दोन लांब, आणि कुठले दोन जवळ हे बरेच प्रकारे बसतं. पाउलिंगने १९३५ मध्ये कागदावर प्रकार मोजले आणि एका मोलमागे ३.३७ ज्यूल प्रति केल्विन एन्ट्रॉपी उरेल असं काढलं, प्रयोगातही ३.४ च्या आसपासच आली. फक्त ‘किती प्रकारे’ एवढं विचारून बर्फाचा आकडा मिळतो.

आता कुठे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. वर सगळीकडे मी गृहीत धरलंय की आजूबाजूचं पाणी किंवा हवा स्वतः शांत, समतोलात आहे. ते नसेल तर आकडे बदलतात. बंगळुरूच्या संशोधकांचा २०१६ मध्ये एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध झाला, मण्याचं स्टर्लिंग इंजिन (आळीपाळीने गरम-थंड करून काम काढणारं) पण पाण्यात जिवंत जिवाणू पोहत असलेलं, आणि त्याची कार्यक्षमता साध्या पाण्यातल्या इंजिनाच्या वर गेली. बातमी वाचून कुणालाही वाटेल की गेला सेकंड लॉ. पण जिवाणू खातात आणि ते खाणं हे इंधन आहे, ते हिशोबात घ्यायलाच हवं. तसंच गुरुत्वाकर्षण आलं की ‘पसरणं म्हणजे एन्ट्रॉपी’ हे समीकरण बिघडतं, तारा ऊर्जा गमावतो आणि आतून अजून तापतो. तेव्हा कुठल्याही दाव्यात आधी बघा की हद्द कुठे आखलीये आणि हद्दीच्या आत काय काय खाल्लं जातंय.

मग काकांचं यंत्र. त्यांना एकच विचारा: थंड बाजू कुठे आहे? हवेतली उष्णता वापरून यंत्र चालू शकतं, दोन तापमानं असतील तर. समुद्रात वर २७ अंश आणि खाली हजार मीटरवर ५ अंश, यावर वीज बनवता येते, कमाल कार्यक्षमता जेमतेम ७ टक्के. आणि कधीकधी थंड बाजू लपलेली असते, फसवायचा हेतू नसला तरी. काचेचा पाणी पिणारा पक्षी बघितलाय का, शोकेसमध्ये असतो, चोच पाण्यात बुडवतो, उठतो, परत बुडवतो, दिवसभर? बॅटरी नाही, काही नाही, वाटतं खोलीच्या उष्णतेवरच चालतोय. त्याचं डोकं ओलं कापडाचं असतं, पाणी उडतं, डोकं थंड होतं, ती थंड बाजू. म्हणून तो नागपूरच्या मे महिन्यात भराभर डोलतो आणि कोकणात जुलैत आळसावतो, कूलरसारखंच. मी त्याच्यावर काचेची बरणी पालथी घातली होती, पाण्याच्या वाटीसकट. आतली हवा ओलसर होत गेली, डोलणं मंदावत गेलं आणि शेवटी तो सरळ उभा राहिला. बरणी उचलली, थोड्या वेळाने परत सुरू.

तुमच्या यंत्राला हीच बरणी घाला. थर्माकोलचा जाड डबा, आत यंत्र आणि त्याला जोडलेला एक छोटा एलईडी, उजेड दिसायला एक भोक, ते पारदर्शक टेपने बंद. खिडकी नाही, ऊन नाही, ओलं फडकं नाही, शेजारी फ्रिज नाही. एक-दोन दिवसांचा निकाल मात्र मानू नका, कारण आत लपवलेला एक चांगला अल्कलाइन पेन्सिल सेल १० मिलिवॅटचा एलईडी साधारण दोन आठवडे चालवतो, मोठी बॅटरी असेल तर महिनोन्‌महिने. म्हणून आधी यंत्राचं वजन करा, तेवढ्या वजनाची सगळीच्या सगळी लिथियम बॅटरी आहे असं धरून एलईडी किती दिवस चालेल ते काढा, किलोला साधारण २५० वॅट-तास धरा, आणि त्याच्या दुप्पट दिवस डबा बंद ठेवा. यंत्र वाले इतके दिवस द्यायला तयार झाले तर वजन आणि एलईडीचे आकडे इथे टाका, दिवस मी काढून देतो. पण तोवर काकांना चेकवर सही करू देऊ नका.